सारखा उशीर

सरांनी कॅमेरा पुढे ओढला आणि पडद्यावर त्यांच्या जागी नुसता डावा हात उरला. चार जाड तारा आणि त्यांवर वाकलेली चार बोटं.

"आज बोटं बघायची," त्यांचा आवाज आला. "माझं थोबाड सहा आठवडे बघितलंत, तेवढं पुरे."

रविवारची दुपार होती. सर बत्तीस वर्षांचे, आणि त्यांच्याकडून ऑनलाइन बेस गिटार शिकणारे सगळे पन्नाशीच्या पुढचे: एक दातांची डॉक्टर, एक बेकरीवाला, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि एक क्रेनचालक. वर्गाची रीत ठरलेली होती. माइक बंद ठेवून प्रत्येकाने आपापल्या खोलीत सरांबरोबर वाजवायचं आणि शेवटी एकेकाने माइक उघडून चार ओळी एकट्याने वाजवून दाखवायच्या. आवाज इंटरनेटवरून जायला वेळ लागतो, त्यामुळे सरांना प्रत्येकाचं वाजवणं जरा मागाहून ऐकू येई. त्याबद्दल त्यांची तक्रार नसे. उशीर चालेल, ते म्हणत, पण उशीर सारखा हवा.

क्रेनचालकाचा उशीर पहिल्या दिवसापासून सारखा होता. बेकरीवाला घाईने पुढे पळे, पोस्टमास्तर विचार करत मागे रेंगाळत, डॉक्टरीणबाई चुकल्या की स्वतःच आधी हसून घेत. क्रेनवाले काका मात्र एकदा सुरू झाले की हलत नसत. क्लिकवर कसं बसायचं ते काकांकडून शिका, असं सर इतरांना सांगत, आणि तो मान खाली घालून तारा पुसत बसे. चाळीस मजल्यांच्या उंचीवरून जो लोखंड बरोबर जागेवर उतरवतो त्याला एवढं यायलाच हवं, असं त्याला मनातून वाटे.

आज त्याची पाळी आली. पहिली ओळ नीट गेली. दुसऱ्या ओळीत त्याची नजर पडद्यावर काहीतरी शोधू लागली. तिसरीत त्याला स्वतःलाच कळलं की आपण वाट सोडली आहे.

"काका, पुढे गेलात," सर म्हणाले. "आता मागे. क्लिक ऐका, क्लिक."

त्याने हात थांबवला.

"सर, आज तुमचा पाय दिसत नाहीये."

"पाय कशाला हवाय?"

"बूट हो. त्याच्यावरच तर धरतो मी."

चौकटींतले तिघेही हसले. माइक बंद असल्यामुळे ते हसणं नुसतं दिसलं.

सरांना आधी वाटलं काका गंमत करताहेत. मग त्यांनी समजावून सांगितलं. पहिल्या दिवसापासून प्रत्येक मात्रेला टिक असा आवाज करणारं एक यंत्र त्यांच्या टेबलावर चालू होतं. आत्ताही चालू होतं. सगळे त्याच्याबरोबरच वाजवत होते. बेकरीवाल्याने माइक उघडून सांगितलं की ते टिकटिक त्याला आता भट्टीपाशीसुद्धा ऐकू येतं, कणीक मोजताना तो त्यावर डोलतो आणि कामगार त्याची टर उडवतात.

क्रेनचालक ऐकत होता. सहा आठवडे क्लिक म्हणजे सरांच्या तपकिरी बुटाचं वरखाली होणारं टोक, असंच तो धरून चालला होता.

"काही फोन बारीक आवाज गोंगाट समजून गाळून टाकतात," सर म्हणाले. "तुमचा तसला असेल. घरात कोणाला तरी ऐकून बघायला सांगा."

"फोनच असणार," तो म्हणाला.

वर्ग संपत आला तेव्हा त्याने बायकोला हाक मारली. ती शाळेच्या ग्रंथालयात काम करायची आणि रविवारी घरी आणलेल्या पुस्तकांना कव्हरं घालत बसायची. हातातली कात्री घेऊनच ती दारात आली. त्याने फोन तिच्या दिशेने सरकवला आणि यातून तारांशिवाय दुसरं काही ऐकू येतं का, असं विचारलं.

"टिकटिक होय? ती तर नेहमीचीच आहे."

"नेहमीची?"

"अहो, सहा आठवडे भिंतीतून येतेय. मी म्हटलं, शिकायचं म्हणजे असेल काहीतरी तसलं." तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "का हो? तुम्हाला नाही येत?"

"येते ना," तो म्हणाला. "फोन जरा गडबड करतोय, म्हणून विचारलं."

मग तिने कात्री मिटली आणि आत गेली. थोड्या वेळाने कव्हराचा कागद फाडल्याचा आवाज यायला हवा होता. तो कान देऊन बसला. तो आवाजही आला नाही. पण कदाचित तिने फाडलाच नसेल.

कान थोडे जड झालेत हे त्याला ठाऊक होतं. तीस वर्षं इंजिनाच्या शेजारी बसणाऱ्या कोणाचे होत नाहीत? म्हणून तर त्याने हे वाद्य धरलं होतं. सगळ्या वाद्यांत हे खर्जातलं एकच त्याला पुरतं ऐकू येई, कानातून आणि बरगड्यांतूनही. लोकांना तो सांगे की सहा तारांपेक्षा चार बऱ्या, डोक्याला ताप कमी. कंपनीची कान-तपासणी दरवर्षी होई. गेल्या वर्षी त्या बंद डब्यात बसल्यावर त्याने काचेपलीकडच्या नर्सच्या मनगटाकडे लक्ष ठेवलं होतं. मनगट हललं की तो हातातलं बटण दाबायचा. त्याला त्याने फसवणूक म्हटलं नव्हतं, लक्ष देणं म्हटलं होतं. यंदाची तपासणी अठरा दिवसांवर आली होती. नापास झालेल्या माणसाचा क्रेनचा परवाना जातो आणि त्याला गोदामात बसवतात, जागा असेल तर.

पण त्या दुपारी त्याला परवान्याची भीती वाटत नव्हती. जे वाजतच नाही असं आपण समजतो, ते काय काय वाजत असेल, एवढा एकच प्रश्न त्याच्या डोक्यात होता. आणि रात्रीचं जेवण होईपर्यंत त्याला त्यातलं एक उत्तर सापडलं होतं.

केबिनमधला बझर.

नवी क्रेन येऊन पाच महिने झाले होते. भार मर्यादेच्या जवळ गेला की केबिनमध्ये पिवळा दिवा लागतो आणि बझर वाजतो. हा बझर पहिल्या दिवसापासून मुका होता. रोजच्या तपासणीच्या कागदावर त्याने तीन वेळा लिहिलं होतं: बझर बंद. तिसऱ्या वेळी मेकॅनिक धापा टाकत वर आला, चाचणीचं बटण दाबलं, "वाजतोय की," म्हणाला आणि निघून गेला. उंचीला घाबरलेला माणूस, दोन मिनिटांत काम उरकून पळाला, असं त्याने तेव्हा खाली सगळ्यांना हसत सांगितलं होतं.

सोमवारी सकाळी तो नेहमीपेक्षा अर्धा तास आधी वर चढला. केबिनचं दार लावून घेतलं. इंजिन सुरू केलं नाही. चाचणीचं बटण दाबलं. पिवळा दिवा लागला. उन्हाची तिरीप नेमकी त्यावर पडली होती, त्यामुळे तो आहे की नाही हे डोळ्यांवर हात धरून बघावं लागलं. आवाज नव्हता. त्याने बझरच्या जाळीवर बोटाची टोकं ठेवली. तारेवर ठेवून ठेवून ती बोटं आता निबर झाली होती, तरी त्यांना कळलं. जाळी बारीक थरथरत होती.

त्याने बोटं काढून घेतली.

गेल्या महिन्यात सळयांचा एक भारा उचलताना क्रेनचा हात नेहमीपेक्षा जास्त वाकल्यासारखा वाटला होता. वारा असेल, असं म्हणून त्याने उचललं होतं. ऊन असंच समोरून होतं. खाली काँक्रीट ओतणारी आठ माणसं होती. त्यांतला एक मान वर करून बघत होता, आणि त्याने त्या माणसाला वरून हातही केला होता. आता खुर्चीला पाठ टेकवावीशी वाटेना.

मग त्याला बगळ्याची आठवण झाली.

बगळ्या म्हणजे खालचा सिग्नलवाला. उंच, काटकुळा, एका पायावर भार टाकून उभा राहणारा. अकरा वर्षं त्याच्या इशाऱ्यावर हा उचलत होता आणि ठेवत होता. गेल्या वर्षभरात बगळ्या बदलला होता. वॉकीटॉकीवर सगळं दोनदोनदा सांगे. "डावीकडे ये, डावीकडे ये. ठेव, ठेव." हात तर असे फेकायचा की लांबून वाटावं माशा हाकलतोय. म्हातारा झालास रे, असं तो त्याला चिडवी आणि बगळ्या नुसता दात काढी.

आता त्याचा अर्थ लागत होता. बगळ्याला ठाऊक होतं. वर्षभर त्याने कोणाला न सांगता सांभाळून घेतलं होतं. भीती होतीच, पण तिला आता टेकायला एक जागा झाली. बगळ्यालाच आधी सांगायचं, त्याने ठरवलं. पुढे काय करायचं ते दोघं मिळून ठरवू.

सात वाजता खाली माणसं जमली. बगळ्या आपल्या जागेवर येऊन उभा राहिला. त्याच्या छातीवर वॉकीटॉकी लटकत होती. शेजारी एक वेल्डर आपल्या नळ्या सोडवत बसला होता. पहिला भारा हुकाला अडकवून तयार होता.

सांगायला सुरुवात कुठून करावी हे त्याला कळेना. वॉकीटॉकीवर मुकादमही ऐकत असे. शेवटी त्याने बोलायचं बटण दाबून धरलं, वॉकीटॉकी बझरच्या जाळीला लावली आणि दुसऱ्या हाताने चाचणीचं बटण दाबलं. एक, दोन, तीन, चार मोजले. हा आवाज खाली पोचला की बगळ्याला बरोबर समजेल, आणि तो हात हलवून काहीतरी खूण करील.

वेल्डर दचकला. त्याने दोन्ही हात कानांवर ठेवले आणि बगळ्याच्या छातीकडे बघितलं, मग वर क्रेनकडे बघितलं.

बगळ्या जसा होता तसाच उभा होता. पुढच्या इशाऱ्यासाठी तयार, चेहरा वर.

क्रेनचालकाने बटण सोडलं. परत दाबलं. वेल्डर आता उठून उभा राहिला आणि बगळ्याच्या दंडाला धरून काहीतरी विचारू लागला. बगळ्या त्याच्याकडे वळला, वाकून त्याच्या तोंडाकडे बघत मान हलवली आणि मग वर बघून अंगठा दाखवला.

"बगळ्या," त्याने वॉकीटॉकीवर विचारलं. "आत्ता काय ऐकू आलं तुला?"

"सगळं ठीक," खालून उत्तर आलं. "सगळं ठीक. उचल, उचल."

आणि बगळ्याने हात वर करून बोट गोल गोल फिरवलं. भाऱ्याच्या पलीकडून माणसं ये-जा करत होती. एक जण भाऱ्याखालून निघालेला पट्टा वाकून ओढत होता.

अकरा वर्षं. त्यातली किती, हे त्याला मोजता येईना. कोण कोणाला सांभाळत होतं हेही कळेना. आपण वरून दिलेली उत्तरं खाली पोचत नव्हती, म्हणून बगळ्या सगळं दोनदा सांगत होता. खालून आलेलं अर्धंमुर्धं आपण समजून घेतलं होतं. मध्ये लोखंड लोंबकळत होतं.

बगळ्याचं बोट फिरतच होतं.

त्याने हुक सैल सोडला, पुरता सैल, तार जमिनीवर वेटोळी होईपर्यंत. किल्ली फिरवून काढली, खिशात घातली आणि शिडीला लागला. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवूनच तो पुढची घेत होता, मेकॅनिकसारखा. खालून मुकादमाच्या ओरडण्याचा घुमारा येत होता, शब्द येत नव्हते.

तो जमिनीवर उतरेपर्यंत बगळ्या शिडीपाशी येऊन थांबला होता, एक हात अजून इशाऱ्यासाठी वर.

"काय झालं? काय झालं?" त्याने विचारलं. त्याची नजर क्रेनचालकाच्या तोंडावर खिळलेली होती, आणि ती तिथे किती घट्ट बसली आहे हे क्रेनचालकाला आज पहिल्यांदा दिसलं.

क्रेनचालकाने मिशी पुसल्यासारखं करून तोंडापुढे हात धरला. आवाज चढवला नाही आणि उतरवलाही नाही.

"बगळ्या, तुला किती दिवसांपासून ऐकू येत नाही?"

बगळ्या हसला. मान डोलावली.

"हो, हो," तो म्हणाला. "दहापर्यंत उरकू की."

क्रेनचालकाने त्याच्या छातीवरची वॉकीटॉकी हातात घेतली आणि बंद केली. तिच्यावरचा बारीक लाल दिवा विझला. तो मात्र बगळ्याने पाहिला. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मुकादम लांबून तावातावाने येत होता. बगळ्याने त्याच्याकडे एकदा बघितलं, मग क्रेनचालकाकडे, आणि वर उचललेला हात खाली घेतला.