एकेरी शब्द

“बस.”

मागून तिचा आवाज आला आणि त्याने ब्रेक दाबला. फुटपाथच्या कडेचा दगड आणि मागचे चाक यांच्यामध्ये जेमतेम तळहात मावेल एवढी जागा उरली होती.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर गॅलरीतून नेहमीप्रमाणे म्हणाले, “वहिनी, दिवसभर अहो-जाहो आणि संध्याकाळी मात्र नवऱ्याला सरळ ‘बस’. मानलं तुम्हाला.”

ती हसली नाही. तोही हसला नाही. त्याने चावी काढली, दार आपटले आणि तिच्या अंगावरून तो घरात गेला.

कारखान्यातल्या कामगार बायकांची ने-आण करणारी ती लांबलचक बस होती. सकाळच्या पाळीच्या बायका याच गल्लीच्या तोंडाशी चढत. म्हणून रात्रभर ती त्याच्या दारासमोर, मास्तरांची मोटार आणि विजेचा खांब यांच्या मधल्या बेताच्या जागेत उभी राही. आधी थोडे पुढे जायचे, मग गाडीचे मागचे अंग तिरके आत घालायचे आणि नेमक्या क्षणी स्टिअरिंग उलटे फिरवून पुढचे अंग ओढून घ्यायचे. फुटपाथकडचा आरसा तो खाली वाकवून ठेवी. त्यात दगड दिसे, चाक दिसे; पण दोहोंमधले अंतर दिसत नसे. ते पाहायला ती मागे उभी राही. आरशाच्या तळाशी तिची पावले दिसत. कित्येक महिन्यांत तिच्याकडे तो लक्ष देऊन पाही ते एवढेच.

लग्नानंतरच्या दिवसांत ती सबंध वेळ बोलत असे. ‘येऊ द्या, येऊ द्या’ हा तिचा सूर गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाई. पुढे त्याला त्या सुराची लाज वाटू लागली. “बाजार मांडू नकोस,” तो म्हणाला होता. “थांबायचं असेल तेव्हा ‘बस’ म्हण. बाकी गप्प.” तेव्हापासून तिचे मौन म्हणजे अजून जागा आहे, एवढा एकच अर्थ त्याने मानला.

ती माहेरी गेली असताना त्याने चाकाची रिम दोनदा दगडाला घासली होती. दुसऱ्या वेळी मॅनेजरने त्याला सर्वांसमोर उभे केले. “फुटपाथ आहे की किसणी? पुन्हा चाक घासलंत, तर चावी माझ्या टेबलावर ठेवायची आणि घरी बसायचं.” तो शेवटचा शब्द त्याने घरी सांगितला नव्हता. तरी तिला तो ठाऊक होता. कारखान्यातल्या बायका तिच्याशी बोलत.

त्या संध्याकाळी ताट वाढताना ती म्हणाली, “तुमच्या बसवर बाई मदतनीस घेणार आहेत. मी विचारून आले.”

“कुणाला विचारून विचारायला गेलीस?”

“रोज गाडीमागे उभी राहतेच की मी.”

“ते दारात. माझ्या गाडीचं दार माझी बायको उघडणार? हसतील मला सगळ्या.”

“मला नाही हसणार.”

“तुला कोण विचारतंय?”

“तेच म्हणतेय मी,” ती म्हणाली. “कुणीच नाही विचारत.”

त्याने ताट ढकलले. “आता तोंडातून एक शब्द काढायचा नाहीस. कळलं?”

“बरं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी घरात भांड्यांचा आवाज तेवढा होता. त्याला त्याचे काही वाटले नाही. उलट, बरेच वाटले.

संध्याकाळी बस गल्लीत शिरली तेव्हा ती आपल्या जागी येऊन उभी होती. तिची पावले आरशात आली आणि तो निश्चिंत झाला. आदल्या रात्री आपण काय बोललो, हे तो विसरला होता. बोललेले तोच विसरत असे. ऐकलेले तिच्यापाशी राही.

तो मागे येऊ लागला. अंतर तळहाताएवढे झाले, मग बोटाएवढे. दगडाचा एक कोपरा तुटून धारदार झाला होता आणि चाक नेमके त्यावरच चालले होते. शब्द तिच्या जिभेवर आला. तिने तो गिळला.

लोखंड दगडावर खरवडल्याचा लांब, कर्कश आवाज झाला. पाठोपाठ हवेचा फुत्कार. आणि बस एका अंगाला हळूच कलली.

तो खाली उतरला. रिमची कड मुडपली होती, टायरची बाजू फाटली होती. तो वाकून पाहत राहिला, मग तिच्याकडे वळला.

“तोंडाला कुलूप लागलं होतं का?”

“तुम्हीच लावलंत.”

“दिसत होतं तुला?”

“दिसत होतं.”

मास्तर गॅलरीत होते. ते उठून आत गेले.

चावी टेबलावर गेली. पलीकडच्या गल्लीतला एक ड्रायव्हर कामावर आला; बस रात्री उभी करायची जागा मात्र तीच राहिली. तिने पुन्हा विचारले नाही. एका सकाळी केस बांधता बांधता ती एवढेच म्हणाली, “आजपासून मी बसवर जातेय.” आता गप्प राहण्याची पाळी त्याची होती आणि त्याच्या मौनाचा अर्थ तिने लावला नाही. ती चप्पल घालून निघून गेली.

संध्याकाळी तो खिडकीशी उभा होता. बस आली. बसच्या दारातून ती उतरली, पदर खोचून मागे गेली आणि तिचा आवाज चढला.

“येऊ द्या, येऊ द्या. दगड तुटका आहे तिथे, जपून. येऊ द्या.”

इतक्या वर्षांनी तो सूर पुन्हा गल्लीच्या टोकापर्यंत गेला. त्याच्यासाठी तो नव्हता. तरीही नेमक्या क्षणी खिडकीच्या गजांवरचे त्याचे हात उलट्या दिशेला वळले.

“बस,” ती म्हणाली.

इतका वेळ उभा असलेला तो मागच्या खुर्चीत बसला.