एका रस्त्याच्या तीन खेपा

फिरायला जायची, आतच झोपायची सोय असलेली मोठी व्हॅन दोघा भावांनी मिळून घेतलेली. धाकटा सायकलवर पुढे जायचा, कमान बुटकी तर नाही ना, वळण बसेल ना, ते बघायचा आणि तिथूनच थोरल्याला फोन लावायचा, "मोकळा आहे, आण गाडी." नऊ वर्षं दर सहलीला हेच चाललेलं.

यंदा निघायच्या आदल्या दिवशी नकाशावरून दोघांचं वाजलं. थोरला तोंडाचा फटकळ. "तुझ्यावाचून काही अडत नाही माझं!" धाकट्याने सायकल व्हॅनला टेकवली आणि चालत घर गाठलं.

आता किनाऱ्यावर थोरला एकटाच. सीझन संपलेला, दुकानांची शटरं खाली, बाकड्यांवर वाळू. दोघांचं काम एकट्यावर. सायकलने जाऊन रस्ता बघायचा, परत यायचं, मग व्हॅन न्यायची. गुडघे बोंबलत होते. पण एवढं बोलून बसल्यावर माघार कुठल्या तोंडाने घ्यायची?

बंद कॉटेजांची रखवालदारबाई खिडक्यांना फळ्या ठोकत होती. तिसऱ्यांदा तो दिसल्यावर तिने तोंडातले खिळे काढले.

"काका, काही हरवलंय का?"

"रस्ता बघतोय."

"तो काय पळून चाललाय?"

"माझी व्हॅन मोठी आहे."

"मग सोबतीला कुणी आणायचं."

"लागत नाही मला कुणी!"

"दिसतंय की," म्हणत तिने खिळे परत तोंडात धरले.

थोरल्याचं डोकं सणकलं. तिरमिरीत पॅडल मारत तो थेट टोकाच्या मैदानापर्यंत गेला. वळण ऐसपैस, वर तार नाही, समोर नुसता समुद्र. हीच जागा धाकट्याने नकाशावर दाखवलेली. खूश होऊन, सवयीने, त्याने फोन लावला.

"मोकळा आहे, आण गाडी!"

"कुठली गाडी?" धाकटा म्हणाला.

थोरल्याने मागे बघितलं. व्हॅन तीन किलोमीटरवर, आत कुणी नाही. कान तापले.

"चुकून लागला," तो म्हणाला.

"बरं. ठेवतो मग."

"ठेवू नकोस."

"मी येणार नाहीये हां."

"नको येऊस. एकट्याला झेपत नाही रे, एवढंच."

"बोल, ऐकतोय."

जन्मभर तोंडाचा पट्टा सोडणाऱ्या माणसाला एक शब्द सुचेना. फोन तुटू नये म्हणून तो मैदानाच्या कडेच्या बंद दुकानांच्या पाट्या एकेक करून वाचून दाखवायला लागला.