अंगठ्याने पाहिलेली हवा

टायरातली हवा अंगठ्याने कळते असं कोणी सांगितलं तर त्याला माझ्या दुकानासमोर उभं राहू देत नाही मी. गेली बावीस वर्षं हे सांगणारा मीच होतो, म्हणून जास्तच चिडतो.

तोंडवलीच्या किनाऱ्यावरून वर येणारी वाट डांबरी रस्त्याला मिळते तिथे माझं पंक्चरचं दुकान आहे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली की ताजे मासे घ्यायला दुचाकीवाले पार पाण्याच्या कडेपर्यंत जातात. भरल्या टायरने गाडी वाळूत रुतते, म्हणून इथला जो तो खाली उतरण्याआधी मागच्या चाकातली निम्मी हवा सोडतो. टायर पसरट झाला की गाडी वाळूवरून निमूट चालते. परतताना माझ्याकडे थांबायचं, हवा भरून घ्यायची, मगच रस्त्याला लागायचं, अशी आमच्याकडची रीत आहे. पाहुण्यांना ती ठाऊक नसते. ते गाडी रुतवतात, तिच्यासोबत फोटो काढतात आणि मग मला फोन करतात.

कंप्रेसरची नळी लावण्याआधी मी टायर अंगठ्याने दाबायचो आणि आकडा सांगायचो. सोळा. अठरा. मग हवा मोजायचा गेज लावायचो. एखाददुसऱ्या पाउंडाचा फरक पडायचा, बस्स. लोक म्हणायचे, परशुरामाचा अंगठा म्हणजे मशीन. मी वरवर हात झटकायचो आणि आतून फुलायचो. गेज लावेपर्यंत हा नुसता खेळ होता, त्यात कुणाचं काही जात नव्हतं.

भिकाजी आणि मी एका बाकावर शिकलो. तो आणि त्याचा मुलगा मितेश रापणीचे मासे घेऊन आचऱ्याकडच्या वाड्यांवर विकायचे. गाडी मितेश चालवायचा, मागे भिकाजी, मध्ये बर्फ घातलेला क्रेट. एवढ्या वजनाला मागच्या चाकात छत्तीस पाउंड हवा लागते. हे त्या दोघांना मीच शिकवलं होतं.

नोव्हेंबरमधली सकाळ होती. आठ वाजले असतील. मितेशने गाडी दुकानासमोर घेतली तेव्हा लाईट गेलेली होती आणि कंप्रेसर बंद होता. दुकानात मी एकटाच होतो.

"काकानू, हवा व्हयी होती," मितेश म्हणाला.

"लाईट खंय आसा?" मी म्हटलं.

पायाने मारायचा पंप मागच्या बाजूला जुन्या टायरांखाली पडला होता. पेनासारखा गेज ड्रॉवरमध्ये होता. पण दोन दिवस माझी कंबर धरली होती आणि टायर उपसायच्या कल्पनेनेच मला कंटाळा आला. मी बसल्या जागेवरून वाकलो आणि टायर अंगठ्याने दाबला. घट्ट लागला. वाळूत घुसळून तापलेला टायर घट्टच लागतो, त्यावर दोन माणसं आणि क्रेट असेल तर आणखीच. टायर गार असताना हवा बघा, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असतो. त्या दिवशी माझं मलाच ऐकू आलं नाही.

"आसा हवा," मी म्हणालो. "आचऱ्यापर्यंत काय एक होना नाय. थयसर भरून घेवा."

मितेश जरा घुटमळला. भिकाजीने मागून त्याच्या खांद्यावर थोपटलं. "परशुराम सांगता मा? मगे चल."

पुढच्या उतारावरच्या वळणात टायर रिममधून निसटला. गाडी आडवी झाली. भिकाजी बाजूच्या चिऱ्याच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर, आपटला आणि जागीच गेला. मितेशच्या डोक्याला मार बसला. बारा दिवस तो इस्पितळात होता. शुद्धीवर आला तेव्हा त्याला रापण ओढल्याचं आठवत होतं, क्रेटमध्ये बर्फ घातल्याचं आठवत होतं. त्यापुढचं सगळं पुसलं गेलं होतं.

पंचनामा झाला तेव्हा मी गर्दीत उभा होतो. पोलीस म्हणाले, "मागच्या टायरमध्ये हवा फारच कमी होती." आमच्या माणसांना तेवढं पुरलं. पोरगा वाळूतून आला, हवा भरायला विसरला, बापाचा जीव घेऊन बसला. जो तो हेच बोलायला लागला. मी तोंड उघडलं नाही. आधी म्हटलं, बारावं होऊन जाऊ दे. मग म्हटलं, मितेश घरी येऊ दे. मग म्हटलं, आता सांगून भिकाजी थोडाच परत येणार आहे? ह्या सगळ्या सबबी होत्या. मी भ्यालो होतो. दुकान, नाव, लोकांचं बोलणं, सगळ्यालाच भ्यालो होतो.

मितेशने ते सगळं आपल्या अंगावर घेतलं. आठवतच नसल्यावर नाही तरी कसं म्हणणार? आणि त्याची आई, हौसाबाई, त्याच्याशी बोलेनाशी झाली. भांडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. वेळेवर पान वाढायची, औषध पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवायची, पण त्याला नावाने हाक मारायची नाही. त्यांचं घर माझ्या वाटेवर. जाता-येता मला दिसायचं, ती पडवीच्या एका टोकाला, तो दुसऱ्या. मी मान खाली घालून पुढे जायचो.

मार्चमध्ये एके दिवशी मितेश दुकानात आला. डावा पाय अजून ओढत होता. काखेत पत्र्याचा एक बोर्ड होता, नुकता रंगवलेला. त्याने तो माझ्यासमोर धरला. पांढऱ्यावर लाल अक्षरं: 'वाळूतून येणाऱ्यांनी हवा भरल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नये. मी विसरलो, माझे वडील गेले. मितेश भिकाजी तारी.'

"हयसर लावूचो, काकानू," तो म्हणाला. "सगळ्यांका दिसात असो. माझ्यासारख्यां दुसऱ्या कोणाचा होवक नको."

मी बोर्ड हातात घेतला. रंग पुरता सुकला नव्हता, बोटांना लागला. येणारा प्रत्येक माणूस तो वाचणार होता, आणि त्याच्याखाली बसून मी हवा मारणार होतो. तेवढा निर्लज्ज मी नव्हतो.

"मितेश," मी म्हटलं, "ह्यां खोटा आसा."

"काय खोटा?"

"तू इसारलस नाय. तू थांबललस."

त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी बसूनच सगळं सांगितलं. लाईट गेल्याचं, मागे पडलेल्या पंपाचं, ड्रॉवरमधल्या गेजचं, अंगठ्याचं. माझ्या कंबरेचंही सांगितलं. ते सांगताना मला माझीच किळस आली.

"मी थांबललंय?" त्याने परत विचारलं.

"व्हय. बापाशीन सांगूच्या आधीच तू गाडी बाजूक घेतलस. हवा व्हयी म्हणान तूच म्हणालंस."

"आणि बाबा? बाबा काय बोलले?"

हे कधी तरी कोणी विचारील याचीच मला धास्ती होती. "परशुराम सांगता मा, मगे चल," मी म्हणालो. "तुझ्या खांद्यार हात ठेवन बापूस बोललो."

मितेश आपल्या खांद्याकडे बघत राहिला. तो मला मारील असं मला वाटलं आणि खरं सांगतो, मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"ह्यां आवशीक सांगशात?" त्याने विचारलं. "मी सांगलंय तर तिका पटाचा नाय."

मी दुकानाचं शटर ओढलं. आम्ही चालत निघालो. तो पाय ओढत होता आणि मी त्याच्या चालीने चालत होतो.

हौसाबाई पडवीत चिंचा सोलत बसली होती. मला पाहून तिने पदर सावरला. "येवा, भावोजी, बसा," म्हणाली. मी बसलो नाही. दुकानात जे सांगितलं तेच अंगणात उभा राहून परत सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. तिचे हात थांबले.

मग ती उठली. मितेशजवळ गेली आणि त्याच्या डोक्यावर, टाके पडल्यापासून केस आले नव्हते त्या जागी, तिने हात ठेवला.

"मितेश," ती म्हणाली.

मितेश पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. ती त्याच्या बाजूला उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती.

"भावोजी, आंगठो चुकलो ती चूक. माणसाची चूक होता. ती मी कधीतरी पोटात घालीन," ती म्हणाली. "पण तुमी चार म्हयने रोज ह्या दारावरना गेलास. मी माझ्या झिलाक हाक मारी नाय होतंय, तां तुमका दिसत होता मा?"

मी मान खाली घातली.

"दिसत होता मा?"

"व्हय," मी म्हणालो. "दिसत होता."

"त्याचे चार म्हयने माझ्या हातान गेले. ते मी त्याका आता खंयसून आणून देव?"

ती कधी ओरडून बोलत नाही, तेव्हाही ओरडली नाही. जावा, एवढंच म्हणाली. मी वळलो आणि अंगण ओलांडलं. बेड्याच्या फाटकापाशी पोचलो तेव्हा मागून तिचा आवाज आला. क्षणभर मला वाटलं, मलाच परत बोलावते आहे.

"मितेश, ऊठ. जेवक बस," ती म्हणत होती.