कॉफीच्या मशीनची पूजा

कमळला ती मशीन आवडली नाही, हे त्यांच्या चारकोपच्या बिल्डिंगमधल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. कमळच्या पोटात काही राहत असेल तर शपथ! गणपती झाले, सून समीक्षाला प्रमोशन मिळालं, आणि त्या आनंदात तिने एस्प्रेसोची मशीन घरी आणली. ओट्यावर मोक्याची जागा बघून मांडली. त्या जागेवरचा मिक्सर गेला खाली, कुकरच्या शेजारी. झालं! मालवणी घर, रोज खोबऱ्याचं वाटप लागणार, आणि मिक्सर काढायला रोज वाकणार कोण, तर कमळ. "कॉफीवाली मशीन वर नि माझा खोबरा खाली," असं ती लेकाला, सुशांतला, ऐकवायची. सुशांत मोबाइलमध्ये डोकं घालून "हं" म्हणायचा. त्या पोराने जन्मात कधी कुणाची बाजू घेतली नाही.

बरं, समीक्षाला तरी ती मशीन कुठे वश होत होती? वरच्या भांड्यात कॉफीच्या बिया घालायच्या, बटण दाबलं की त्या खाली दळून पडायच्या, ती पूड दांड्याच्या गाळणीत दाबून बसवायची, मग त्यातून गरम पाणी जोराने जायचं. ऐकायला सोपं. पण पूड जाड पडली की कॉफी नळ सोडल्यासारखी भळाभळा यायची आणि आंबट लागायची. बारीक पडली की थेंब थेंब, आणि कडू जहर. दूध फेसायच्या वाफेच्या नळीने पहिल्या दिवशी अशी किंकाळी फोडली की कमळ देवासमोरची आरती अर्धी टाकून धावली. समीक्षा मात्र चिकाटीची. काम घरूनच, त्यामुळे दोन मिटिंगांच्या मधे उठायची, दळण बदलून बघायची, घोट घ्यायची, तोंड वाकडं करायची, ओतून टाकायची.

"एवढी कॉफी मोरीत ओततंस, आता मोरीक रातभर झोप लागाची नाय," कमळ म्हणाली. समीक्षा हसली. सून वाईट नव्हती हो. वाईट असती तर पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

आणि एक गोष्ट कमळने कुणाला सांगितली नव्हती. हळूहळू समीक्षाला दळण सापडलं, आणि दुपारी ती सासूसाठी वेगळा कप करू लागली. कॉफी नावाला, दूध भरपूर, वर जाड फेस, साखर दोन चमचे. कमळ तो कप नवऱ्याच्या, रामनाथच्या, फोटोखाली खुर्चीत बसून, ओठावर लागलेला फेस पदराने पुसत संपवायची. "बरा आसा," एवढंच म्हणायची. पण दुपारी तीन वाजले की तिचे कान ओट्याकडे लागायचे. तो गेल्यापासून तिच्यासाठी मुद्दाम वेगळं काही कुणी केलं नव्हतं.

दसरा आला. त्या दिवशी घरातल्या प्रत्येक हत्याराला मान. कमळने विळी, खोवणी, गॅस, सुशांतची बाईक, समीक्षाचा लॅपटॉप, सगळ्यांना हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, आणि कुंकवाने लाल केलेल्या अक्षता टाकल्या. मशीनपाशी आली तेव्हा जरा घुटमळली. मग म्हणाली, हिने काय पाप केलंय? घरात आली म्हणजे घरचीच. तिलाही कुंकू लागलं, फूल गेलं, आणि कमळने भक्तिभावाने मूठभर अक्षता सोडल्या.

आता समीक्षाने बियांच्या भांड्याचं झाकण धुऊन वाळत ठेवलं होतं, हे कमळच्या ध्यानातच आलं नाही. अक्षता टपटप आत गेल्या. कमळने बोटं घालून दोनचार काढल्या, बाकीच्या बियांमध्ये खाली सरकल्या. तेवढ्यात सुशांत ओरडला, "आई, श्रीखंड कुठाय?" आणि कमळने मनाला समजावलं, देवाचे तांदूळ ते, देवाच्या तांदळाने कुणाचं वाईट झालंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी समीक्षाने बटण दाबलं. मशीन करकरली, घुसमटली आणि गप्प झाली. पुन्हा दाबलं. काही नाही.

कमळला त्याच क्षणी कळलं. शब्द अगदी ओठापर्यंत आले होते, खोटं कशाला सांगू! पण समीक्षा आधी बोलली. "माझंच चुकलं, आई. काल मी दळण फारच बारीक केलं होतं. आणखी दाट कॉफीचा लोभ नडला मला." तिचे डोळे भरून आले होते. आणि कमळने शब्द गिळले. का? तर महिनाभर सगळ्या बिल्डिंगमध्ये त्या मशीनच्या नावाने बोटं मोडली होती. आता तांदूळ आपण टाकले म्हटलं तर कोण म्हणेल की चुकून पडले? म्हातारीने मुद्दाम केलं, असंच म्हणतील. सुशांत म्हणेल. समीक्षासुद्धा म्हणेल. आणि मग दुपारचा तो कप? तोंडात मूग धरून कमळ कांदे चिरायला बसली.

इथेच थांबली असती तरी निभावलं असतं. पण चोराच्या मनात चांदणं. समोरच्या दारातल्या चेतनाने विचारलं, "काय हो कमळताई, आज मशीनचा आवाज नाही?" आणि कमळच्या जिभेला हाड राहिलं नाही. "बिघडवली सुनेने. वापरता येत नाही तर आणायची कशाला? एवढी शिकली, पण वस्तू सांभाळायची अक्कल कुठाय?" म्हणताना तिला बरं वाटलं. घरात येऊन पाणी प्यायली, तेव्हा मात्र स्वतःचीच किळस आली. पण दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यापाशी पुन्हा तेच बोलली, आणि कोजागिरीच्या दुधाचं ठरवायला बायका जमल्या तिथेही. एक खोटं टिकवायचं तर त्याला रोज खाऊपिऊ घालावं लागतं ना!

शनिवारी दुरुस्तीवाला आला. कृणाल नाव, साधा, हसरा मुलगा. चेतनाही मागोमाग आली, वाटीभर चकल्यांचं निमित्त करून. कृणालने बिया काढल्या, स्क्रू खोलले, दळायचा भाग बाहेर घेऊन कागदावर उलटा केला. आपटल्यावर भुगा पडला, आणि भुग्यात तांदूळ. काही अख्खे, काही तुटके. आणि लाल.

"मॅडम, यात तांदूळ कसे?" कृणाल म्हणाला.

समीक्षा वाकून बघत राहिली. मराठी घरातल्या बाईला लाल तांदूळ ओळखायला वेळ लागतो होय? तिने झटकन हात पुढे केला, ते दाणे मुठीत घेतले, आणि म्हणाली, "मीच घातले. तांदळाने आतला भाग साफ होतो, असं एका व्हिडिओत बघितलं होतं."

कमळला वाटलं, ही फरशी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं.

"अगं बाई, तांदूळ?" चेतना खो खो हसत सुटली. "म्हणजे कमळताई म्हणत होत्या ते खरंच म्हणायचं! सुनेला मशीन झेपत नाही, वस्तू सांभाळायची अक्कल नाही, सगळीकडे सांगत होत्या बिचाऱ्या. आम्हाला वाटलं, सासू आहे, बोलायचीच. पण तू खरंच यार, समीक्षा..."

समीक्षाने एकदाच कमळकडे बघितलं. समीक्षाचे कान लाल झाले होते. एक वाक्य बोलली असती तर सुटली असती, नुसती मूठ उघडली असती तरी पुरलं असतं. तिने ती उघडली नाही. कृणालला म्हणाली, "पुसायला फडकं देऊ का?"

"ती खोटा बोलता," कमळ म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "तांदूळ माझे. दसऱ्याच्या अक्षता. माझ्याच हातान पडले, नि माका तेव्हाच कळला होता. सांगूक भ्यायलंय. वर हिच्याच नावान गावभर बोंब मारलंय. चेतना, जा, आता ह्यापण सांग सगळ्यांका. सगळा सांग."

चेतनाचं हसू तोंडातच विरलं. "मी निघते, गॅसवर दूध आहे," म्हणाली, आणि चकल्यांची वाटी तिथेच टाकून गेली. कृणाल खाली मान घालून ब्रश फिरवत राहिला. त्याने मशीन जोडली, चालवून दाखवली, सही घेतली आणि बिचारा पाणीही न पिता गेला.

घरात दोघीच उरल्या. समीक्षाने ओटा पुसला, कागद गुंडाळून टाकला, मुठीतल्या अक्षता तुळशीच्या कुंडीत घातल्या. कमळ तिच्या मागे मागे फिरत होती.

"रागाव गो. काय ता बोल. शिव्या घाल."

"अक्षतांचं काय एवढं, आई," समीक्षा म्हणाली. "त्याच सकाळी सांगितलं असतंत, तर आपण दोघींनी बसून वेचल्या असत्या." तिने हातातलं फडकं पिळून वाळत टाकलं. "मी तुमच्यासाठी पटकन खोटं बोलले, मला विचारही करावा लागला नाही. तुम्हाला माझ्यासाठी खरं बोलायला इतके दिवस लागले."

समीक्षा लॅपटॉप उचलून आतल्या खोलीत गेली आणि तिने दार हलक्या हाताने लोटून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं कमळला वाटलं.