खड्डे बुजवणारा जज्ज

अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरांत काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, निवडून आलेल्या कारभाऱ्याला आजही ‘जज्ज’च म्हणतात. खटले चालवायचा अधिकार कधीच गेला, पण नाव काही सुटलं नाही. त्या नावापायी असाच एक कारभारी, डेल्मर स्टॅम्पर, त्याच्या डोक्याला रोज ताप. कुणाचा घटस्फोट, कुणाच्या शेजाऱ्याचं कुत्रं! ‘मी तो जज्ज नव्हे’ सांगून सांगून बिचारा थकला होता.

सोमवारी म्हातारी ओलेटा नोबल आली. नवरा शनिवारी गेला होता, दफन उद्या अकराला. एकुलता एक मुलगा रॅन्डल नशेच्या गोळ्या विकल्याबद्दल काउंटीच्या तुरुंगात.

"जज्ज, तासभर सोड त्याला. बापाला माती तरी देऊ दे."

"मावशी, सोडणं कोर्टाच्या हातात. माझ्याकडे रस्ते, पूल, कचरा."

"कोर्ट नाही म्हणालं, म्हणून तर आले! मतं मागताना पाटीवर काय होतं रे? जज्ज स्टॅम्पर! कसला जज्ज तू? खड्डे बुजवणारा?"

"खड्डे बुजवणारा," डेल्मर म्हणाला. चिडायचंही त्राण उरलं नव्हतं.

"मग तेवढं तरी कर. स्मशानाच्या रस्त्याची चाळण झालीय. त्यांची शवपेटी हिंदकळेल," म्हणत ती डोळे पुसत गेली.

डेल्मरनं तुरुंगाधिकारी हर्शेलला फोन लावला. हर्शेलही निवडून आलेला, कुणाच्या बापाचं न ऐकणारा.

"उद्या दहाला रस्त्याच्या कामाला पाच कैदी दे. स्मशानाचा रस्ता."

हर्शेलनं कैद्यांची यादी चाळली. "रॅन्डल नोबल चालेल? एक नंबरचा आळशी आहे."

"चालेल."

"सहीचं पत्र पाठव. आणि रस्ता सोडून एक पाऊल जाऊ देणार नाही, सांगून ठेवतो."

अकराला शववाहिका चढ चढली. रीतीप्रमाणे पाचही कैदी टोप्या काढून कडेला उभे राहिले. पेटी रॅन्डलपासून हातभर अंतरावरून गेली. तो हुंदके देत होता. पाऊल मात्र जागचं हललं नाही.

मागची गाडी थांबली. ओलेटा उतरली. तिनं पोराच्या गालावरून हात फिरवला, त्याच्या फावड्यातली मूठभर माती रुमालात बांधली आणि कुंपणापलीकडे कबरीकडे गेली.

परतताना ती रस्त्याचं काम बघायला आलेल्या डेल्मरपाशी थांबली. रिकामा रुमाल अजून मुठीतच होता.

"खड्डे बरे बुजवतोस, जज्ज," ती म्हणाली.