खंडेनवमीची मोकळी सुरी

आमच्या ह्यांना निवृत्तीनंतर भजनाचं वेड लागलं असतं, तर मी रवळनाथाला नारळ ठेवला असता. ह्यांना लागलं सुऱ्यांचं. जन्मभर ओरोसच्या सरकारी कचेरीत कागदांना टाचण्या लावणारा माणूस तोंडवलीच्या घरी परत आला आणि माडाखाली भट्टी मांडून बसला.

त्याला कारण झाला एक तंबूवाला. मागच्या थंडीत तो किनाऱ्यावर तंबू ठोकून राहिला होता. पाठीवर बोचकं, कमरेला चामड्याच्या म्यानात हातानं घडवलेली सुरी. त्याच सुरीनं तो लाकडं फोडायचा, त्याच सुरीनं शहाळं सोलायचा आणि त्याच सुरीनं टोमॅटो कापून खायचा. आमचे हे समोर वाळूत बसून बघायचे. घरी आले की तेच पुराण, "गो शेवंती, एकच सुरी, पण सगळां करता."

"मग तिच्याशीच लगीन करा," मी म्हटलं. माझं तोंड असंच आहे, अख्ख्या वाडीला माहीत आहे.

तंबूवाला गेला, वेड राहिलं. कसालच्या गॅरेजमधून जुन्या जीपच्या स्प्रिंगची पट्टी आली. तिथल्याच एका लोहाराकडे हे शिकायला जाऊ लागले. लुंगीला भोकं पडली, भुवया करपल्या, माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर कोळशाची राख बसायला लागली. पहिली सुरी तेलात बुडवताच तडकली. दुसरी वाकडी झाली. तिसरी मात्र जमली. वीतभर पातं, पाठीकडे चांगलंच जाड, फणसाच्या लाकडाची मूठ, आणि आरशासारखं लखलखीत. झावळीचा पिडा, म्हणजे तिचा जाड देठ, एका घावात तुटला तेव्हा ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी आता टाळ्या वाजवणार.

"बरी आसा," मी म्हटलं. "पण बाहेरची ती बाहेरच. माझ्या रांधपात आणू नकात."

माझ्या रांधपघरात माझा आडाळो आहे. विळी म्हणा हवं तर, पण आमच्याकडे आडाळोच. माहेरहून माझ्याबरोबर आलेला. भाजी त्याच्यावर, नारळ त्याच्यावर. त्याला सवत कशाला? ह्यांनी तिला चामड्याचं म्यान शिवलं. सुरी फणसाला ठोकलेल्या खिळ्यावर लटकवून ठेवली आणि रोज संध्याकाळी तेल लावून पुसत बसू लागले.

मग आली खंडेनवमी. आमच्या घरातला नियम कडक आहे. त्या दिवशी घरातली सगळी धारेची हत्यारं धुऊन, पुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल वाहायचं. पुजलेलं हत्यार मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांना विश्रांती. म्हणून मी पहाटेच चिरणं-किसणं उरकून घेते. काळ्या वाटाण्याचं सांबार, वडे, खीर, असा दोघांपुरता स्वयंपाक झाला आणि मी पूजा मांडायला घेतली. आडाळो मधोमध. बाजूला कोयता, दोन सुऱ्या, खोवणी, कात्री. मिक्सरच्या भांड्यातही पातं असतंच, म्हणून तेही बसवलं. माझा हात एकदा सुरू झाला की थांबत नाही. ह्यांचं नखं कापायचं यंत्रसुद्धा सुटलं नाही.

तेवढ्यात हे आपली सुरी दोन्ही हातांवर घेऊन दारात उभे राहिले.

"गो, हिका पण बसव. दोन दिस घासतंय."

मी कुंकवाची बोटं वर धरून म्हटलं, "पूजेक कामाची हत्यारां बसतत. ह्यां खेळणां."

ह्यांचा चेहरा पडला. रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. पण म्हणाले, "खेळणां तर खेळणां. मगे ती भट्टी तरी कित्याक होई? आज मोडतंय. थंयसर केळ लावतंय."

आणि खरंच गेले. विहिरीकडच्या बनातून केळीचा एक कोंब काढून आणला, भट्टीजवळ ठेवला आणि पिकास उचललं. मी मनात म्हटलं, बरंच झालं, कपड्यांवरची राख तरी जाईल. पण मागच्या अंगणातून पिकासाचा आवाज यायला लागला तसं मला आत बसवेना. एक घाव पडायचा, मग बराच वेळ काहीच नाही, मग दुसरा. माणसाला मनापासून मोडायचं असतं तेव्हा तो असा थांबत नाही. मला वाईट वाटलं, पण उठून जाऊन सांगायचं काय, ते सुचेना.

तोच फोन वाजला. राधाबाई, आमच्या वन्सं. ह्यांची थोरली बहीण.

"शेवंती, आमी कट्टा गाव सोडला. विनीत आसा, अनुजा आसा, तिचे आवस-बापूस पण आसत. देवीक जावन येतंव. जेवकच येतंव हां. काय्येक करू नको, साधांच कर."

वन्संच्या 'साधांच'चा अर्थ मला लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत कळला होता. त्यातून बरोबर मुलगा विनीत, नवी सून अनुजा आणि तिच्या माहेरचे नवे व्याही-विहीण. मी फोन ठेवला, भाजीच्या टोपलीकडे बघितलं. लाल भोपळा, सुरण, कच्ची केळी, दोडका, बटाटे, सगळं होतं. नारळ होते. आणि कापायला घरात एक पातं मोकळं नव्हतं. शेजारी मागायला जावं तर वाडीत सगळ्यांचीच हत्यारं पाटावर. आडाळ्यावरचं फूल हळूच बाजूला करावं असं क्षणभर मनात आलं, पण वन्संची नजर पुसलेलं कुंकूसुद्धा ओळखते. आणि वन्संचं सोडा, माझाच हात धजेना.

एकच पातं मोकळं होतं. ते मीच मोकळं ठेवलं होतं.

मी मागच्या अंगणात गेले. भट्टीचे दोन दगड निघाले होते. हे पिकासावर हात ठेवून उभे.

"ती सुरी खंय आसा?"

"खयची?"

"आता माझा तोंड बघीत रवू नकात. वन्सं येतत, व्याह्यांका घेवन. माझी हत्यारां सगळी पाटावर. सुरी द्या."

ह्यांच्या जागी मी असते तर चार वाक्यं सुनावली असती. तो हक्कच होता. ह्यांनी पिकास खाली ठेवलं, खिळ्यावरचं म्यान काढलं आणि म्हणाले, "तेल लावलेलां आसा. ऊन पाण्यान धुवन देतंय."

रांधपघरात मी पोळपाट पुढ्यात घेतला, बटाटा ठेवला आणि सुरी दाबली. बटाटा कापला गेला नाही, टचकन दुभंगला आणि अर्धा मोरीत जाऊन पडला. दुसऱ्याचं तेच. आडाळ्यावर पातं बसलेलं असतं आणि भाजी हलते. इथं भाजी बसलेली आणि पातं हलवायचं. माझ्या हातांना ते कळेना. शिवाय पाठ इतकी जाड की पातळ काप म्हणजे स्वप्नच.

"दाबू नको," हे दारातून म्हणाले. "पुढे सार. आणि हिका मोठे फोडी जमतत. ही जंगलातली बाई, तिका नाजूक काय सांगू नको."

मोठ्या फोडी म्हटल्यावर माझं डोकं चाललं. खतखतं करायचं. सगळ्या भाज्या जाड्या फोडी करून एकत्र शिजवायच्या, वर वाटलेलं खोबरं, तिरफळं आणि आमसुलं. त्यात पातळ काप कोण मागतो?

मग मात्र सुरी चालली. ज्या भोपळ्याशी मला आडाळ्यावर एरवी कुस्ती करावी लागते, तो तिनं एका दाबात उघडला. सुरणाची साल टोकानं सरसर निघाली. नारळ पाठीनं ठोकला, एक फेरी आणि दोन भकलं. किसता येणार नव्हतं, तर ह्यांनी टोक घालून खोबरं सुटं केलं आणि मी त्याचे तुकडे केले. मिक्सर देवासारखा फूल घेऊन बसलेला, म्हणून मागचा पाटा-वरवंटा धुतला. वाटायला हे बसले. कचेरीतला माणूस वरवंट्यावर वाकलेला बघून मला इतकं हसू आलं की तिरफळं सांडली.

"हस," हे म्हणाले. "वन्संक सांग तुझ्या, भावान वाटाप वाटल्यान म्हणान."

"माझ्या वन्सं, पण तुमची भैण. तुमीच सांगा."

कच्ची केळी चिरून झाली आणि मी सुरी धुवायला घेतली, तर पात्यावर निळेकाळे डाग. घासले, जाईनात. राखेनं घासले, तरी जाईनात. इतके महिने भुवया जाळून घडवलेली वस्तू. सकाळी मी तिला खेळणं म्हटलं आणि दुपारच्या आत तिचा आरसा घालवून बसले.

"वो," मी हळूच हाक मारली. "सुरी बिघडली."

हे उठून आले. खोबऱ्याच्या हातांनीच सुरी घेऊन खिडकीशी गेले, उजेडात वरखाली केली, आणि हसायला लागले.

"बिघडूक नाय गो. ह्या पोलादाक असो रंग चढता. केळां, सुरण, आंबट, चिकट लागला की चढता. मगे गंज पण लवकर धरणा नाय. त्या तंबूवाल्याची बघलेलं मी, सगळी काळीनिळी. माझीच कोरी होती." त्यांनी अंगठ्यानं पातं पुसलं. "कामाक कोणी घेवकच नाय तर रंग चढतलो खंयसून?"

टोमणा नव्हता तो. म्हणूनच जास्त लागला. मी वळून फोडणीच्या मागे लागले.

खतखतं उकळत होतं तेव्हा गाडी आली. व्याही-विहीण ओटीवर बसले, अनुजा पाणी द्यायला उठली आणि वन्सं सवयीप्रमाणे सरळ रांधपघरात. नेमकी मी कोथिंबीर चिरत होते. वन्संनी माझ्या हाताकडे बघितलं, मग देवघरातल्या पाटाकडे.

"शेवंती, पुजलेला हत्यार उचललंस?"

"ह्येका पूजेक बसवूकच नाय, वन्सं."

"कित्याक?"

हे वरवंटा धुवायचे थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण त्यांचे कान माझ्याकडेच होते हे मला पाठीनं कळलं.

"सणाच्या दिवसाक अवचित कोण इला तर?" मी म्हटलं. "एक हत्यार मोकळा होया ना. म्हणान मुद्दाम राखून ठेवलंय."

वन्संनी मान डोलावली. "शाणी आसस," म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि तेही थापेवर.

पानं मांडली. व्याह्यांनी खतखतं दोनदा मागून घेतलं. वन्सं म्हणाल्या, फोडी जरा दांडग्या झाल्यात, आणि तिसऱ्यांदा वाढून घेतलं. विनीतनं सुरी मागवून घेतली, उलटीसुलटी करून बघितली.

"मामा, ही तुमी केलास? माका एक होई."

"माका पण," वन्सं म्हणाल्या. "सुरण फोडूक."

ह्यांनी कालवलेला घास पानात ठेवला. "आता नाय जमाचा," म्हणाले. "भट्टी मोडतंय. थंय केळ लावतलंय."

"कोणी सांगल्यान मोडूक?" वन्संचा आवाज चढला.

हे पानाकडे बघत राहिले. नाव घेतलं नाही. माझ्याकडे नुसतं बोट जरी केलं असतं, तरी वन्संनी मला तिथंच भट्टीत घातलं असतं. पण त्या माणसानं खाली मान घालून सांबाराची वाटी उगाच सरकवली. मला भरून आलं की रागच येतो.

"कोण मोडता?" मी वाढता वाढता थांबले. "दोन दगड ढिले झाले होते, ते परत बसवूक काढल्यानी. केळ विहिरीकडे लावची आसा. ह्येंका काय सांगूक येणा नाय." एका जेवणात दोन थापा झाल्या, पण थांबायला वेळ नव्हता. "आणि विनीता, तुका मागसून. वन्संक पण मागसून. पयली माझी."

"तुका?" हे म्हणाले. "ही आसा ना."

"ही तुमची. हिची मूठ माझ्या हातात मावणा नाय, सकाळधरून बोटां आखडली. माका जरा बारीक मूठ होई, पातां पातळ होया. बटाटो मोरीत जावक नको."

ओटीवर सगळे हसले. हे हसले नाहीत. हात धुऊन उठले, कपाटावरून पुठ्ठा काढला, कानामागची पेन्सिल काढली आणि माझ्यासमोर बसले.

"हात ठेव," म्हणाले.

"आता? पाहुण्यांसमोर?"

"मापाशिवाय मूठ कशी करतलंय?"

मी उजवा हात पुठ्ठ्यावर पसरला. हळदीनं पिवळा, केळ्याच्या चिकानं काळा. ह्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि पेन्सिल करंगळीपासून सुरू केली. विहीणबाई पदराआड हसत होत्या. वन्सं डोळे वटारून बघत होत्या. बघू देत.

"हलव नको," हे म्हणाले.

मी हलवला नाही.