सकाळची गोळी, संध्याकाळची गोळी

डॉक्टरबाईंनी गोळ्यांचं रिकामं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. सात दिवसांच्या चौदा गोळ्या, एकही उरली नव्हती.

"सगळ्या घेतल्या ना, गोजरबाई?"

"व्हय."

दोन चादरी पांघरूनही गोजरबाई थंडीनं कुडकुडत होती. तिला अकरा वर्षांपासून साखरेचा आजार. लघवीला जळजळ होते म्हणून आठवड्यापूर्वी ती मुकुंदवाडीहून एकटीच रिक्षानं या दवाखान्यात आली होती. आज ताप एकशे तीन होता आणि उजव्या कुशीला ती हात लावू देत नव्हती.

"म्हणजे ही गोळी लागू पडली नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "जंतू मूत्रपिंडापर्यंत गेलेत. साखर असली की हे लवकर होतं. भरती करून औषध बदलते."

खाटेजवळ उभी असलेली सून मोनिका खाली बघत होती. मुलगा विश्वजीत मोबाईलमध्ये बघत म्हणाला, "मॅडम, हिचं नेहमीचंच आहे. पाणीच पीत नाय. माझी चिकलठाण्याला कंपनीत दुसरी पाळी आहे, लवकर होईल का?"

"मोनिका, सांग," गोजरबाई म्हणाली.

मोनिका सासूची चादर सारखी करू लागली.

"मग मी सांगते. सकाळची गोळी मी खाल्ली, संध्याकाळची हिनं."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. "का?"

"हिलाबी महिनाभर जळजळ होती. नवऱ्याला म्हणली, दवाखान्यात चला. तो काय म्हणला, विचारा."

"आई, इथं नको," विश्वजीत म्हणाला.

"इथंच. म्हणला, चांगल्या घरच्या बाईला असलं दुखणं होत नाय, कुठून आणलंस? मला चार येळा झालं. मी कुठून आणलं रे? सांग की मॅडमला."

विश्वजीतनं मोबाईल खिशात टाकला. "मी चेष्टेत म्हणलो होतो."

"तुझी चेष्टा आम्ही दोघींनी सात दिवस गिळली."

डॉक्टरबाईंनाही राग आला होता, पण आवाज खालीच होता. "आणि तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. अर्ध्या औषधानं जंतू मरत नाहीत, उलट दांडगे होतात. गोळी निकामी नव्हती, ती पोटात पुरती गेलीच नव्हती. आणि हिला मी तपासलेलंसुद्धा नाही. ही गोळी हिला सोसली नसती तर?"

"मला बोला. चूक माझी हाय. पण हिला तशीच घरी पाठवू नका."

नर्सनं लघवीच्या तपासणीसाठी दोन बाटल्या आणल्या. मोनिकानं स्वतःची बाटली घेतली आणि नवऱ्याकडं न बघता बाथरूमकडं गेली.

"मी बाहेर थांबतो," विश्वजीत म्हणाला.

"थांबू नको. तिच्या नावाचा केसपेपर काढून आण," गोजरबाई म्हणाली.

केसपेपरच्या खिडकीपाशी लांब रांग होती. त्याचा नंबर आल्यावर कारकुनानं विचारलं, "तक्रार काय?"

विश्वजीत वाकून काहीतरी पुटपुटला.

"ऐकू येत नाही, भाऊ."

मागची माणसं पुढं सरकली. "लघवीला जळजळ," तो म्हणाला. "बायकोला."

कारकुनानं मान वर न करता ते लिहून घेतलं आणि वय विचारलं.